छोट्या बोटीचा बॅटरी स्विच बदलताना : निवडीपासून पहिल्या सेल्फपर्यंत

साधारण सहा मीटरची बोट, मागे बाहेरून लावलेलं एक पेट्रोल इंजिन म्हणजे आउटबोर्ड, एक सेल्फची आणि एक लाइट-उपकरणांची अशा दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या, आणि मेन स्विच म्हणून लाल प्लॅस्टिकच्या चावीचा जुना कट-ऑफ. हंगाम संपून बोट पाण्याबाहेर आली की तो काढायचा आणि त्या जागी नीट स्विच बसवायचा, एवढं काम होतं. वरवर पाहता चार स्क्रू आणि चार नट. प्रत्यक्षात स्विच ठरवायला जेवढा वेळ गेला त्याच्या निम्माही तो बसवायला लागला नाही. ठरवताना जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं खोक्यावर छापलेली नसतात. म्हणून काम ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने लिहून ठेवतो.

सुरुवात जुन्या स्विचपासून. इंजिनाला सेल्फ मारताना त्याच्या दोन बोल्टांवर मल्टिमीटर लावला तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा दिसत होता. म्हणजे सेल्फकडे दीडशे अँपिअर जात असतील, तर पाऊणशे वॅट उष्णता स्विचच्या पोटातच तयार होत होती. उघडल्यावर कारण दिसलं. या प्रकारात चावी फिरवली की एक पितळी पट्टी स्प्रिंगच्या दाबाने दोन बोल्टांच्या डोक्यांवर टेकते. पट्टीवर हिरवा थर, एका बोल्टाच्या डोक्याला काळा खड्डा, आणि चावीच्या दांड्याला उन्हाने पडलेली चीर. चीर पडली की चावी पूर्ण फिरल्यासारखी वाटते, पण पट्टी पूर्ण टेकत नाही. हा स्विच ट्रॅक्टरवर किंवा जमिनीवरच्या जनरेटरवर वर्षानुवर्षं चालतो, खाऱ्या हवेत चालत नाही. शिवाय त्याची चावी निघून हातात येते आणि पाण्यात पडते.

बॅटरीच्या टर्मिनलवरच बसणारा हिरव्या गोल नॉबचा कट-ऑफही स्वस्तात मिळतो. तोही नको. त्याचा संपर्क उघड्यावर असतो, ठिणगी उघड्यावर पडते, आणि बोटीत बॅटरीच्या शेजारी बहुतेक वेळा पेट्रोलची टाकी असते.

पहिलं काम कागदावर

स्विचच्या किती अँपिअरपासून सुरुवात केली तर गोंधळ होतो. पहिला प्रश्न असा घ्यायचा : स्विच बंद केल्यावरही काय चालू राहिलं पाहिजे? बोटीवर दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लस टर्मिनलला किती वायरी लागल्या आहेत त्या मोजा आणि प्रत्येक वायर कुठे जाते ते हाताने चाचपडत शेवटपर्यंत जाऊन बघा. कागदावर प्रत्येकीपुढे "स्विचच्या आत" किंवा "स्विचच्या बाहेर" लिहा. या एका कागदावर पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

बाहेर राहणारी पहिली गोष्ट म्हणजे ऑटोमॅटिक बिल्ज पंप, बोटीच्या तळाशी (बिल्जमध्ये) साचलेलं पाणी बाहेर फेकणारा. बोट मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधून, उभी आहे, माणूस घरी आहे, स्विच बंद आहे आणि पाऊस पडतोय, अशा वेळी पंप चाललाच पाहिजे. म्हणून पाणी चढलं की पंप चालू करणाऱ्या फ्लोट स्विचची वायर थेट बॅटरीवर, तिचा स्वतःचा फ्यूज बॅटरीजवळ, आणि फ्यूजचा आकडा पंपाच्या लेबलवर जो लिहिलाय तोच. जास्तीचा फ्यूज घातला तर पंपात प्लॅस्टिकचा तुकडा अडकला की मोटर जळते आणि फ्यूज मात्र शाबूत राहतो. पॅनेलवरचा मॅन्युअल पंपाचा स्विच मात्र आत ठेवायला हरकत नाही.

दुसरी, चार्जिंगची साधनं. बॅटरी चार्जर आणि सोलर कंट्रोलर (सोलर पॅनेल आणि बॅटरी यांच्या मधला) यांच्या वायरी स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूलाच हव्यात, फ्यूजसह. सोलरचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. कंट्रोलर जर स्विचच्या पलीकडे, म्हणजे उपकरणांच्या बाजूला जोडलेला असेल, तर स्विच बंद केल्यावर कंट्रोलरच्या समोर बॅटरी राहत नाही, फक्त उपकरणं राहतात. बारा व्होल्टचं म्हणवणारं पॅनेल मोकळं असताना २१-२२ व्होल्ट दाखवतं. काही कंट्रोलर बॅटरी गेल्यावर गप्प बसतात, काही तो व्होल्टेज पुढे ढकलतात, आणि मासे दाखवणारा फिशफाइंडर जातो.

तिसरी, धोक्याची सूचना देणारे अलार्म आणि मेमरीसाठी सतत वीज लागणारं एखादं उपकरण. इथे मात्र हात आखडता घ्या. म्युझिक सिस्टिमच्या घड्याळासाठी २० मिलिअँपिअर जात असतील तर महिन्याला १४.४ अँपिअर-तास होतात. ६० अँपिअर-तासाच्या बॅटरीचा जवळजवळ पाव भाग नुसत्या घड्याळाने खाल्ला. आमच्या कागदावर ती वायर "बाहेर"मधून "आत" गेली.

हे सगळं मनाने ठरवलेलं नाही. छोट्या बोटींच्या विजेच्या कामासाठी आयएसओ १३२९७ हे मानक आहे (डीसी भाग पूर्वी आयएसओ १०१३३ मध्ये होता) आणि अमेरिकेत एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ई-११. दोन्हींचा सूर एकच : बॅटरीच्या प्लस वायरवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, पण सहज हात पोचेल अशा ठिकाणी स्विच हवा; आणि बिल्ज पंप, अलार्म, मेमरी, चार्जिंग यांना स्वतंत्र फ्यूज असेल तर स्विच टाळून जाता येतं. फक्त सेल्फ आणि नेव्हिगेशन लाइट एवढंच असलेल्या आउटबोर्ड बोटीला आयएसओ सूट देतं. एबीवायसी ८०० अँपिअरपेक्षा जास्त कोल्ड क्रँकिंगच्या (थंडीत सेल्फला देता येणाऱ्या करंटच्या) बॅटरीला स्विच सक्तीचा करतं, म्हणजे कागदोपत्री आमच्यासारख्या पुष्कळ छोट्या बोटी सुटतात. सुटलात तरी बसवा. वायरिंगमधून धूर यायला लागल्यावर पाना शोधत बसायला वेळ नसतो. विम्याच्या पाहणीला येणारा सर्व्हेअरही बहुधा स्विच कुठे आहे, त्यावर लेबल आहे का आणि फ्यूज बॅटरीपासून किती लांब आहे हेच आधी बघतो. तो वर काढलेला कागद स्वच्छ करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बोटीवरच ठेवा, त्या वेळी उपयोगी पडतो.

प्लस की मायनस

गाड्यांवर अनेकदा मायनसवर कट-ऑफ असतो, म्हणून हा प्रश्न हमखास निघतो. बोटीवर मायनस तोडून भागत नाही. दोन बॅटऱ्यांचे मायनस एकमेकांना जोडलेले असतात, इंजिनाचा ब्लॉक मायनसला असतो, व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनाच्या केबलची जाळी मायनसला असते. एक वाट तोडली तरी करंट दुसऱ्या, बारीक वायरीच्या वाटेने परत येतो, आणि ती वायर सेल्फच्या करंटसाठी नसते. फायबर किंवा लाकडी बोटीला प्लसवर एक स्विच पुरतो. धातूच्या बोटीत विजेची दोन्ही टोकं बॉडीपासून वेगळी ठेवलेली असतील तर प्लस-मायनस दोन्ही एकदम तोडणारा डबल पोल स्विच घ्यावा लागतो.

किती अँपिअरचा

आता आकडे. स्विचवर तीन वेगवेगळी रेटिंग असतात आणि विकणारा त्यातलं सगळ्यात मोठं सांगतो. पहिलं सतत चालणारं, म्हणजे स्विच न तापता कायम वाहू शकेल असा करंट. दुसरं पाच मिनिटांचं. तिसरं काही सेकंदांचं, सेल्फसाठी. यूएल ११०७ या मानकाने तपासलेल्या स्विचच्या माहितीपत्रकात सततचं आणि पाच मिनिटांचं रेटिंग स्वतंत्र दिलेलं असतं. सेल्फचं रेटिंग किती सेकंदांसाठी आहे ते कंपनीगणिक बदलतं, म्हणून तो सेकंदांचा आकडा वाचल्याशिवाय तुलना करू नका. लाल चावीवाल्यावर "५०० अँपिअर" असं ठळक छापलेलं असतं, खाली बारीक अक्षरात "५ सेकंद".

आपल्या इंजिनाला किती लागतात ते मोजता येतं. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. घरच्या वायरमनकडे असतो तो बहुतेक वेळा फक्त एसी मोजतो आणि बॅटरीच्या केबलवर शून्य दाखवतो. डीसी क्लॅम्पवर कमाल आकडा धरून ठेवणारं बटण असेल तर उत्तम, कारण सेल्फ मारताच पहिल्या क्षणी करंट उसळतो आणि मोटर फिरू लागली की बराच खाली येतो.

क्लॅम्प नसेल तर साधा मल्टिमीटरही चालतो. तांब्याच्या ३५ चौरस मिमी केबलचा एक मीटर तुकडा म्हणजे अर्धा मिलिओहम. केबलवर एक मीटर अंतराच्या दोन ठिकाणी सुईने टोचून मिलिव्होल्ट बघा : सेल्फ मारताना ५० मिलिव्होल्ट दिसले तर १०० अँपिअर, १०० दिसले तर २००. टोचलेली भोकं नंतर चिकट हीट-श्रिंकने किंवा लिक्विड टेपने बुजवायची, नाहीतर तिथूनच पाणी शिरतं. जुनी केबल बदलायचीच असेल तर ही पद्धत निर्धास्त वापरावी.

मध्यम आकाराच्या आउटबोर्डला फिरताना साधारण शंभर ते दोनशे अँपिअर लागतात, छोट्या डिझेलला त्याहून बरेच जास्त. उपकरणांची बेरीज त्यापुढे किरकोळ असते. व्हीएचएफ २५ वॅटवर बोलताना पाच-सहा अँपिअर, नकाशा दाखवणारा प्लॉटर एक-दोन, एलईडी लाइट, पाण्याचा पंप. सगळं एकदम लावलं तरी पंचवीस-तीसच्या घरात. म्हणजे छोट्या बोटीचा स्विच सेल्फच्या करंटवर निवडायचा. त्यातही सततचं रेटिंगच सेल्फच्या फिरत्या करंटपेक्षा जास्त असेल असा घ्यावा, सेकंदांच्या रेटिंगवर विसंबू नये. इंजिन रुसलं की माणूस सेकंद मोजत नाही. आमच्या बोटीला सतत २५०-३०० अँपिअरच्या वर्गातला स्विच योग्य ठरला. त्याहून मोठा घेऊन काही बिघडत नाही, फक्त जागा जास्त लागते.

ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवणारी विजेची मोटर) किंवा विंचसाठी वेगळा विचार करा. त्यांचा करंट मिनिटंच्या मिनिटं वाहतो, तिथे पाच मिनिटांचं आणि सततचं रेटिंग महत्त्वाचं. आणि त्यांच्या वायरला स्वतःचा ब्रेकर हवाच.

कोणत्या प्रकारचा

एकच बॅटरी असेल तर चालू-बंद एवढाच स्विच घ्या आणि हा भाग सोडून पुढे जा.

दोन बॅटऱ्यांसाठी सगळ्यात जुना प्रकार म्हणजे १ – दोन्ही – २ – बंद असा गोल फिरणारा स्विच. तो अजूनही सगळीकडे दिसतो आणि त्याची एक खरी ताकद आहे : एखादी बॅटरी आतून शॉर्ट झाली तर तिला पूर्ण बाजूला टाकून दुसरीवर सगळं चालवता येतं. पण तो माणसाच्या आठवणीवर चालतो. "दोन्ही"वर ठेवून नांगर टाकला, रात्रभर लाइट आणि संगीत चाललं, की सकाळी दोन्ही बॅटऱ्या सारख्याच रिकाम्या. "१"वर ठेवून दिवसभर फिरलं तर २ नंबरला चार्जिंगच नाही. आणि इंजिन चालू असताना "बंद"वरून फिरवला तर इंजिनाच्या चार्जिंगसमोरची बॅटरीच निघून जाते. अशा वेळी व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा आउटबोर्डचा रेक्टिफायर-रेग्युलेटर जातो. चांगल्या स्विचमध्ये १ कडून "दोन्ही"मार्गे २ कडे जाताना पुढचा संपर्क लागल्यावरच मागचा सुटतो, म्हणून त्या बाजूने फिरवणं सुरक्षित असतं. ही माहिती माहितीपत्रकात शोधा, दिलेली नसेल तर तो स्विच घेऊ नका. डिझेल इंजिनाच्या काही अल्टरनेटरसाठी फील्डची (अल्टरनेटरला चुंबकत्व देणारी) बारीक वायर आधी तोडणारे दोन जादा संपर्क असलेले स्विच मिळतात. आउटबोर्डला त्याचा उपयोग नाही. तिथे इंजिन बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढाच उपाय.

दुसरा प्रकार दोन स्वतंत्र सर्किटचा : बंद, चालू, आणि एकत्र. "चालू"वर सेल्फची बॅटरी फक्त इंजिनाला आणि दुसरी फक्त उपकरणांना. एकाच नॉबने दोन्ही चालू, दोन्ही बंद, विसरायला काही नाही. सेल्फची बॅटरी बसली तर "एकत्र". चार्जिंगच्या वेळी दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा रिले सोबत बसवला की इंजिन चालू झाल्यावर, व्होल्टेज १३ च्या वर जाऊन थोडा वेळ टिकलं की दुसरी बॅटरीही भरू लागते, आणि इंजिन बंद झाल्यावर दोन्ही वेगळ्या होतात. या प्रकाराची उणी बाजू अशी की शॉर्ट झालेल्या बॅटरीला "एकत्र"मध्ये वेगळं काढता येत नाही, टर्मिनल सोडवावं लागतं.

तिसरी रचना तीन साध्या चालू-बंद स्विचची : इंजिन, उपकरणं, आणि मधला आणीबाणीचा जोड. तिच्यात कुठलीही बॅटरी कधीही बाजूला करता येते. जागा आणि केबल जास्त लागते, लगही (केबलच्या टोकाला बसवायचे भोकाचे धातूचे तुकडे) वाढतात. मोठ्या, आत झोपायची सोय असलेल्या बोटीला हीच घ्यावी असं माझं मत. सहा मीटरच्या उघड्या बोटीत, जिथे वेगवेगळी माणसं बोट नेतात, तिथे एका नॉबचा दुसरा प्रकार बरा. आम्ही तोच घेतला, रिलेसह.

एक बॅटरी लिथियम आणि दुसरी लेड-ॲसिड असेल तर यातल्या कुठल्याही स्विचवर "एकत्र" हा नेहमीचा मुक्काम करू नका. दोघींची चार्जिंगची भूक वेगळी, आणि लिथियमकडून रिकाम्या लेड-ॲसिडकडे जाणारा करंट केबलला झेपेलच असं नाही. मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे एका बॅटरीवरून दुसरी मर्यादेत भरणारा चार्जर, टाकावा लागतो.

पेट्रोल असेल तर आणखी एक शब्द खोक्यावर शोधा : इग्निशन प्रोटेक्टेड. आयएसओ ८८४६, यूएल १५०० किंवा एसएई जे११७१ यांपैकी एखाद्याचा उल्लेख हवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते, आणि स्विच उघडताना आत ठिणगी पडतेच. इग्निशन प्रोटेक्टेड स्विचमध्ये ती ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू शकत नाही. आयपी ६७ वेगळी गोष्ट आहे. तो पाणी आणि धूळ आत न जाण्याचा आकडा आहे, वाफेबद्दल तो काही सांगत नाही. दोन्ही पाहिजेत.

मागवण्याआधी

स्विच ठरला तरी लगेच मागवू नका. आधी जागा ठरवा, मग केबल मोजा, मग सगळं एकदम मागवा. नाहीतर स्विच येऊन पडतो आणि लगसाठी पुन्हा वाट बघावी लागते. खर्चाचं म्हणाल तर स्विचपेक्षा जाड टिन केलेली केबल, लग आणि फ्यूज होल्डर मिळून जास्त जातात. बजेट करताना हे उलटं गृहीत धरलं जातं.

जागा : बॅटरीच्या जवळ, पण बॅटरीच्या झाकणाखाली नाही. बिल्जमधलं पाणी सगळ्यात वर चढलं तरी त्याच्या वर. आग लागली तर जिच्यातून धूर येईल त्या खोलीत हात घालावा न लागता पोचेल अशी. आणि दोर, जाळं किंवा गुडघा अडकून नॉब फिरणार नाही अशी. बसण्याच्या बाकाच्या उभ्या फळीवर, बॅटरीपासून हाताच्या अंतरावर, ही जागा बहुतेक छोट्या बोटींत सापडते. फळीच्या मागे स्विचच्या बोल्टांना आणि केबलच्या वळणाला किती खोली लागते ते मोजा. ५० चौरस मिमी केबल काटकोनात वळत नाही, आणि जबरदस्तीने वळवली तर कायम बोल्टाला एका बाजूने ओढत राहते.

केबलचा हिशोब सोपा आहे. तांब्यासाठी ०.०१७५ गुणिले एकूण लांबी मीटरमध्ये, भागिले चौरस मिमी, म्हणजे ओहम. लांबी जाऊन-येऊन धरायची. चार मीटर एकूण लांबीला ३५ चौरस मिमी घेतली तर २ मिलिओहम. २०० अँपिअरला ०.४ व्होल्ट पडतात. २५ चौरस मिमीला ०.५६, ५० ला ०.२८. इंजेक्शनच्या इंजिनाला सेल्फ फिरताना व्होल्टेज फार खाली गेलं तर सेल्फ फिरतो पण संगणक जागा होत नाही आणि इंजिन पेटत नाही, म्हणून इथे कंजुषी नको. जाड केबलचा दुसरा फायदा असा की ती स्विचमधली उष्णता वाहून नेते.

लगचं भोक स्विचच्या बोल्टाच्या मापाचं घ्या. अनेक मरीन स्विचना १० मिमीचा बोल्ट असतो. ८ मिमीचा लग ड्रिल करून मोठा केला तर कडा पातळ होते, आणि १० चा लग ८ च्या बोल्टावर घातला तर टेकायला धातूच कमी उरतो.

फ्यूज : सेल्फच्या जाड केबलला फ्यूजची सक्ती नाही, उपकरणांच्या केबलला आहे. एबीवायसी बॅटरीपासून १७५ मिमीच्या आत सांगतं, आयएसओ २०० मिमी, केबल संरक्षक नळीतून नेली तर जास्त अंतर चालतं. बॅटरीच्या टर्मिनलवरच बसणारा फ्यूज घेतला की हा प्रश्नच राहत नाही. फ्यूजचा आकडा केबलवरून ठरतो. १६ चौरस मिमी केबलला आम्ही ८० अँपिअरचा घातला, उपकरणं तीसच्या आत असली तरी.

बसवताना

चार्जरचा प्लग काढा, सोलर पॅनेलची वायर सोडवा, मग बॅटरीचे मायनस आधी आणि प्लस नंतर. जोडताना उलट, प्लस आधी. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टर्मिनलमध्ये पाना आडवा पडला तर तो लाल होईपर्यंत सुटत नाही.

लग हेक्स क्रिंपरने दाबायचा. हातोड्याने ठोकलेला लग ओढला तर निघत नाही, पण आत हवा राहते आणि तिथेच हिरवं होतं. वेल्डिंगवाल्याकडून लग सोल्डर करून घेऊ नका. सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि कंपनाने केबल नेमकी त्या कडेला तुटते. क्रिंपवर आतून चिकट असलेलं हीट-श्रिंक, लगच्या नळीपासून केबलच्या इन्सुलेशनवर दोन-तीन सेंटिमीटर येईल इतकं.

आता बोल्टावरचा क्रम, कारण नवीन स्विच तापण्याचं सर्वात सामान्य कारण हेच आहे. सगळ्यात जास्त करंटचा लग सगळ्यात खाली, स्विचच्या धातूच्या पायथ्याला थेट टेकलेला. त्यावर कमी करंटचे. मग वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. लग आणि पायथा यांच्यामध्ये वॉशर कधीच नाही. स्टेनलेस स्टील तांब्याच्या मानाने फार वाईट वाहक आहे, आणि मध्ये आलेला एक पातळ वॉशर सगळा करंट स्वतःमधून जायला लावतो. एका बोल्टावर चारपेक्षा जास्त लग नकोत. पाचवा आला की बसबार (अनेक लग जोडायची धातूची पट्टी) लावा. नट माहितीपत्रकात दिलेल्या टॉर्कनेच आवळा. जास्त आवळला तर प्लॅस्टिकच्या बॉडीत बोल्ट फिरतो आणि स्विच संपला. गंजरोधक स्प्रे किंवा व्हॅसलिन आवळून झाल्यावर वरून लावायचं, लगच्या खाली नाही. शेवटी रबरी टोप्या.

केबलला स्विचपासून जवळच पहिला क्लॅम्प आणि पुढे दर ४५ सेंटिमीटरच्या आत. फळीतून जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट. स्विच सीलंटवर बसवला असेल तर ट्यूबवर लिहिलेला सुकण्याचा वेळ, बहुधा रात्रभर, जाऊ द्या, मगच जड केबलची ओढ त्याच्यावर येऊ द्या.

तपासणी

बॅटऱ्या पूर्ण भरून रात्रभर तशाच ठेवल्या, सकाळी दोन्ही १२.७ च्या आसपास. स्विच बंद. आता स्विचच्या बॅटरीकडच्या बोल्टावर १२.७ आणि पलीकडच्या बोल्टावर शून्य दिसलं पाहिजे. पलीकडे दहा-अकरा व्होल्ट दिसत असतील तर कुठली तरी वायर स्विचला वळसा घालून मागच्या दाराने वीज देते आहे. "बाहेर"च्या यादीतल्या वायरी एकेक करून सोडवा, दोषी सापडते. संशयित बहुधा जुना चार्जर किंवा दोन जागी जोडलेला बिल्ज पंप असतो.

मग मायनस सोडवून मल्टिमीटर अँपिअरवर मध्ये घाला आणि गळती बघा. फ्लोटचा साधा पंप असेल तर जवळजवळ शून्य. मीटर मध्ये असताना पंप चालवू नका आणि सेल्फ तर मुळीच नाही, मीटरचा फ्यूज तत्काळ जातो. मायनस परत जोडल्यावर, स्विच बंद ठेवूनच, फ्लोट हाताने उचला. पंप चाललाच पाहिजे. ही चाचणी लोक विसरतात.

स्विच चालू करून सेल्फ. मदतनीस सेल्फ मारतो, तुम्ही मीटर मिलिव्होल्टवर ठेवून आधी स्विचच्या दोन बोल्टांवर, मग बॅटरीच्या टर्मिनलपासून पहिल्या लगपर्यंत, मग लगपासून स्विचच्या बोल्टापर्यंत असे तुकडे मोजत जायचं. दर वेळी पाच सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती. चांगल्या नव्या स्विचवर दीड-दोनशे अँपिअरला दोन आकडी मिलिव्होल्ट दिसतात. शंभरच्या वर गेला तर नट उघडून लगखाली वॉशर, रंग किंवा प्लॅस्टिकचा कण शोधा. मोजून झाल्यावर इंजिन बंद ठेवून प्रत्येक जोडावर बोट ठेवा. इतरांपेक्षा जो गरम लागेल तो पुन्हा करायचा.

शेवटी इंजिन चालू. सेल्फच्या बॅटरीवर १३.८ ते १४.४, आणि रिले लागला की दुसरीवरही तेवढंच किंवा किंचित कमी. दुसरीवर १२.६ वरच अडकलं असेल तर रिलेची मायनस वायर बघा, ती विसरली जाते.

नॉबशेजारी चिकटवायची पट्टी दोन ओळींची : "इंजिन चालू असताना फिरवू नये" आणि "स्विच बंद असतानाही बिल्ज पंप चालू". दुसरी ओळ बोट उचलून दुरुस्तीला नेणाऱ्या मेकॅनिकसाठी आहे; स्विच बंद म्हणजे सगळं बंद असं समजून तो पंपाच्या वायरीत हात घालतो. पहिल्या काही फेऱ्यांनंतर सगळे नट एकदा पुन्हा टॉर्कने तपासा, तांबं दबून थोडं बसतं. आणि बोट उभी असली तरी महिन्यातून एकदा नॉब चार-पाच वेळा बंद-चालू फिरवा. संपर्कावर साचलेला पातळ थर त्याने घासून निघतो.